गोटमार : जाम नदीच्या पात्रातील पळसाचा झेंडा आणि दगडांची लढत

मध्य प्रदेशातील पांढुर्णा या मराठीभाषक नगरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जो मेळा भरतो, त्याला गोटमार म्हणतात. गोटा म्हणजे नदीच्या प्रवाहात घासून गोल झालेला दगड. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव अशा दोन वस्त्या आहेत. या दिवशी दोन्हीकडचे लोक नदीपात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी एकमेकांवर दगडफेक करतात. लढत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि काही वर्षी मृत्यूही झाले आहेत. तरीही हजारो लोक दोन्ही काठांवर, पुलावर आणि घरांच्या गच्च्यांवर गर्दी करतात.

भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमुळे गोटमार आता दूरदूरच्या लोकांपर्यंत पोहोचली आहे. साहसाची आवड असलेल्या तरुणांना तिचे आकर्षण वाटते, तर अनेकांना ती निव्वळ क्रौर्य वाटते. मात्र काही क्षणांच्या चित्रफितीत या मेळ्याचे नियम, त्यामागची श्रद्धा, दगडाची ताकद आणि तो थांबवण्याचे फसलेले प्रयत्न यांपैकी काहीच दिसत नाही.

प्रदेश आणि भाषा

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये ते वेगळे काढून पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा नवा जिल्हा स्थापन झाला. पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. सौंसर नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागते. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील हा पट्टा कापूस आणि संत्र्यांसाठी ओळखला जातो. सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे रेमंडचा मोठा कापड कारखाना आहे. गोव्यातल्या एखाद्या लग्नात दिसणारे सुटाचे कापड याच मातीतून आलेले असू शकते.

या भागाचे मराठीपण इतिहासातून आले आहे. अठराव्या शतकात देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. पुढे इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात आला आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले, पण छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे राज्याचा कारभार हिंदीत आणि घरातली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, अशी येथील स्थिती आहे. सणवार मात्र अजूनही विदर्भाच्याच पंचांगाने चालतात. गोटमारीचा दिवसही त्याच पंचांगातला आहे.

पोळ्याची कर

श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, विदर्भात पोळा साजरा होतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून बैलांना तोरणाखाली उभे करतात. त्या दिवशी औत जुंपत नाहीत आणि बैलाला पुरणपोळीचा घास देतात. दुसरा दिवस भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा. त्याला कर किंवा पाडवा म्हणतात. त्या दिवशी विदर्भात लहान मुले लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, वर्षभराची रोगराई आणि दुष्टाई पुतळ्यांच्या रूपाने गावाबाहेर नेऊन जाळली जाते. त्याच दिवशी, शंभर किलोमीटरवर, जाम नदीत दगड उडतात.

गोव्यातील वाचकांना हा दिवस लक्षात ठेवणे सोपे आहे. चवथीच्या तीन तिथी आधी गोटमार येते. इंग्रजी तारखांनुसार ती बहुधा ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडते. पावसाळ्याचा जोर तोवर ओसरलेला असला तरी नदीला पाणी असते. त्यामुळे झाड जेथे रोवलेले असते, तेथे उभा राहणारा माणूस वाहत्या पाण्यात आणि निसरड्या गोट्यांवर उभा असतो.

दिवसाचा क्रम

तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. जंगलातून पळसाचे झाड तोडून आणले जाते. ते आणण्याचा आणि पुजण्याचा मान सावरगावातील एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रतिपदेच्या पहाटे हे झाड नदीपात्राच्या मध्यभागी रोवतात आणि त्याला लाल कापड, नारळ, हार बांधतात. दोन्ही काठांवरचे लोक येऊन पूजा करतात. पांढुर्ण्यातील चंडीमातेचे दर्शन घेतले जाते आणि नंतर दगडफेक सुरू होते.

खेळाचा मूळ नियम साधा आहे. सावरगावकरांनी झाडाचे रक्षण करायचे आणि पांढुर्णेकरांनी झाडापर्यंत पोहोचून ते कुऱ्हाडीने तोडायचे. झाड तोडणारे पुढे पाण्यात उतरतात. त्यांच्या मागे उभे असलेले लोक समोरच्या काठावर दगडांचा मारा करून त्यांना वाट मोकळी करून देतात. सावरगावचे लोक झाडाजवळ येणाऱ्यावर नेम धरतात. दिवसभरात ही आघाडी अनेकदा पुढे-मागे सरकते. पांढुर्ण्याच्या बाजूने झाड तोडले की लढत तिथेच संपते. संध्याकाळपर्यंत ते तुटले नाही, तर दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांत समझोता होतो आणि झाड पांढुर्ण्याच्या स्वाधीन केले जाते. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. म्हणजे झेंडा कुणीही जिंकला तरी तो एकाच ठिकाणी पोहोचतो. दिवसभर एकमेकांचे डोके फोडणारी माणसे दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात एकत्र व्यवहार करतात. दोन्ही काठांमध्ये सोयरिकीही आहेत.

या शेवटाला महत्त्व आहे. बाहेरच्याला जी दंगल वाटते, ती येथील लोकांच्या दृष्टीने आरंभ, मर्यादा आणि समाप्ती असलेला विधी आहे. आरंभ पूजेने आणि समाप्ती देवळात होते. ठिसूळ आहे ती मधली मर्यादा, आणि सगळा प्रश्न तेथेच निर्माण होतो.

दोन दंतकथा

गोटमारीचा आरंभ सांगणाऱ्या दोन कथा प्रचलित आहेत. अधिक लोकप्रिय कथा प्रेमाची आहे. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक तरुणी यांचे प्रेम जुळले. तरुण तिला घेऊन पहाटे नदी ओलांडत असताना सावरगावकरांनी पाहिले आणि दगड मारायला सुरुवात केली. हे कळताच पांढुर्ण्याचे लोक धावून आले आणि त्यांनीही उलट दगड फेकले. दोन्हीकडच्या माऱ्यात ते दोघे नदीतच मरण पावले. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, त्यांचे देह चंडीमातेच्या देवळात नेऊन पूजा केली गेली आणि पुढे दरवर्षी त्यांच्या आठवणीत हा विधी सुरू झाला. या कथेनुसार पळसाचे झाड म्हणजे ती मुलगी. म्हणूनच सावरगावला मुलीकडची आणि पांढुर्ण्याला मुलाकडची बाजू मानतात.

दुसरी कथा लष्करी आहे. तीनुसार भोसल्यांच्या काळात नदीकाठी तळ ठोकून असलेल्या सैनिकांना दगडफेकीचा सराव दिला जात असे आणि त्या सरावाचे पुढे प्रथेत रूपांतर झाले. दोन्ही कथांना लिखित पुराव्याचा आधार नाही. मेळा किती जुना आहे याबद्दल तीनशे-चारशे वर्षांचे आकडे सांगितले जातात, पण तेही परंपरेचेच आकडे आहेत.

मात्र प्रेमकथेतील एक गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. या कथेत दगडफेक हा पराक्रम ठरत नाही, तो दोन जीव घेणारा अपराध ठरतो. ज्या कृतीचा गावांना पश्चात्ताप झाला, तीच कृती स्मरण म्हणून दरवर्षी केली जाते. प्रथेत बदल व्हावा असे म्हणणाऱ्या स्थानिकांना आपला युक्तिवाद बाहेरून आणावा लागत नाही. तो त्यांच्याच कथेत आहे.

दगड आणि गोफण

जाम नदीच्या पात्रात काळ्या बेसाल्ट खडकाचे गोटे मुबलक आहेत. हातात बसेल असा गोटा साधारणपणे क्रिकेटच्या चेंडूएवढा असतो. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा असून त्यात बूच, दोरा आणि चामडे असते, त्यामुळे आदळताना तो थोडा दबतो. त्याच आकाराचा बेसाल्टचा गोटा वजनाने तिप्पट भरतो आणि अजिबात दबत नाही. त्यामुळे आघाताची सगळी ऊर्जा कवटीच्या किंवा गालाच्या एका लहानशा भागावर, क्षणाच्या अंशात उतरते.

गोफणीने हा धोका आणखी वाढतो. गोफण हे मूळ शेतकऱ्याचे साधन. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकलण्यासाठी ती वापरतात. दोन दोऱ्या आणि मध्ये विणलेली खोलगट पट्टी एवढाच तिचा ऐवज. दोरीमुळे फेकणाऱ्याच्या हाताची लांबी जणू वाढते, दगड मोठ्या वर्तुळात फिरतो आणि सुटताना हाताने फेकलेल्या दगडापेक्षा बराच अधिक वेग घेतो. फिरत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर आघात चौपट होतो. शिवाय गोफणीतून सुटलेला दगड डोळ्यांना दिसेपर्यंत जवळ येऊन ठेपतो आणि चुकवायला वेळ मिळत नाही. या कारणाने प्रशासन दरवर्षी गोफणीवर बंदी घालते आणि तपासणीत सापडलेल्या गोफणी जप्त करते. तरीही गर्दीतून ती दिसतेच.

हानी आणि प्रशासन

मेळ्यातील मृत्यूंची जी यादी वृत्तपत्रांतून दरवर्षी छापली जाते, तिची सुरुवात १९५५ पासून होते. तेव्हापासून आजवरच्या मृतांचा आकडा डझनाच्या पुढे गेला आहे. जखमींची संख्या एकेका वर्षी काहीशेच्या घरात असते. बहुतेकांना टाके पडतात आणि ते घरी जातात. काहींची हाडे मोडतात, काहींचे डोळे जातात. डोळा गमावलेला शेतमजूर किंवा बोटे मोडलेला कारागीर कोणत्याही मृत्यूच्या यादीत येत नाही, पण त्याच्या घराचे उत्पन्न त्या दिवशी बदलते.

प्रशासनाने हा मेळा रोखण्याचे अनेक मार्ग वापरून पाहिले आहेत. १९७८ आणि १९८७ मध्ये परिस्थिती हाताबाहेर गेल्याने पोलिसांनी गोळीबार केला होता. मानवाधिकार आयोगानेही या मेळ्याची दखल घेतली. एका प्रयत्नात दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवण्यात आले. लोकांनी ते बाजूला ठेवून पुन्हा गोटे उचलले. नदीपात्रातले दगड आधीच उचलून न्यावे, तर लोक ते दुसरीकडून आणतात. जमावबंदीचा आदेश दरवर्षी निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. प्रत्यक्षात आदेश लागू असतानाच हजारो लोक जमतात आणि पोलीस बंदोबस्त त्यांच्या भोवती उभा राहतो.

त्यामुळे प्रशासनाच्या कामाचा भर आता नुकसान आटोक्यात ठेवण्यावर आहे. नदीकाठी वैद्यकीय छावण्या उभारल्या जातात, रुग्णवाहिका तयार ठेवल्या जातात, गंभीर जखमींना नागपूरला हलवण्याची सोय केली जाते, मद्यविक्री बंद ठेवली जाते आणि ड्रोनने टेहळणी केली जाते. शांतता समितीच्या बैठका होतात. ही व्यवस्था उपयोगी आहे. तिच्यामुळे अनेक जीव वाचले असतील. पण ती दगड लागल्यानंतर सुरू होते. दगड, त्याचा वेग, मार्‍याचा कालावधी आणि माणसाचे उघडे डोके या गोष्टींना ती स्पर्श करीत नाही.

इतर ठिकाणी काय बदलले

दोन गटांच्या लुटुपुटीच्या किंवा खऱ्या लढतीचे सण जगात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे असा सण टिकला आणि हानी कमी झाली, तेथे फेकण्याची वस्तू, लढतीचा वेळ आणि अंगावरचे संरक्षण यांपैकी किमान एक गोष्ट बदलली आहे.

गोव्याच्या वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण दिवाडी बेटावरील बोंदेरांचे आहे. पोर्तुगीज शब्द ‘बांदेयरा’, म्हणजे झेंडा, यावरून हे नाव आले. वाड्यांमध्ये हद्दीचे भांडण होते, म्हणून सीमेवर झेंडे रोवले गेले आणि प्रतिपक्षाचे लोक ते दगडांनी पाडू लागले, अशी त्यामागची कथा आहे. झेंडा, दोन बाजू आणि दगड हे तिन्ही घटक येथेही आहेत, आणि महिनाही ऑगस्टच. पण आज दिवाडीवर झेंड्यांच्या मिरवणुका निघतात, चित्ररथ निघतात, आणि जुन्या मारामारीची आठवण म्हणून मुले बांबूच्या ‘फोटाश’ बंदुकीतून रानफळे उडवतात. भांडणाची आठवण राहिली, दगड गेला.

उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात देवीधुरा येथे रक्षाबंधनाच्या दिवशी बाराहीदेवीच्या प्रांगणात बग्वाल होते. तीही दगडफेकीचीच लढत आहे. तेथे चार ‘खाम’, म्हणजे चार गट, भाग घेतात. मात्र दोन गोष्टी परंपरेनेच वेगळ्या आहेत. लढणारे ‘फर्रा’ नावाची विणलेली ढाल डोक्यावर धरतात, आणि लढत काही मिनिटांतच पुजाऱ्याच्या इशाऱ्याने थांबते. २०१३ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर दगडांच्या जागी फळे आणि फुले फेकण्याची पद्धत सुरू झाली. उत्साहाच्या भरात दगड अजूनही उडतात आणि माणसे जखमी होतात. तरी ढाल आणि मिनिटांत मोजला जाणारा वेळ यांमुळे त्या लढतीला एक कुंपण आहे.

इटलीतील इव्रेआ या नगरात फेब्रुवारी-मार्चच्या कार्निव्हालमध्ये तीन दिवस संत्र्यांची लढाई होते. तिचीही कथा एका मुलीची आहे. जुलमी सरदाराला न जुमानणारी गिरणीवाल्याची कन्या तिची नायिका. घोडागाड्यांवरचे लोक शिरस्त्राण आणि मुखवटा घालून सरदाराचे सैनिक होतात, पायी असलेले नागरिक त्यांच्यावर संत्री फेकतात. लढाईत भाग न घेणारा माणूस डोक्यावर लाल टोपी घालतो, आणि टोपीवाल्यावर कुणी नेम धरत नाही. मार तेथेही लागतो, पण संत्रे फुटते आणि कवटी फुटत नाही. इव्रेआत पिकत नसलेली संत्री दक्षिण इटलीतून मागवावी लागतात. पांढुर्णा आणि सौंसरला ती बाहेरून आणावी लागणार नाहीत.

साहसाला नियमांत बसवण्याचे ताजे मराठी उदाहरण दहीहंडीचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांच्या उंचीवर आणि गोविंदांच्या वयावर मर्यादा घातल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांचा सहभाग बंद झाला. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. आता शिरस्त्राण, सुरक्षा दोर, गाद्या आणि विमा हे शब्द गोविंदा पथकांच्या रोजच्या भाषेत आले आहेत. अपघात संपलेले नाहीत, परंतु आयोजक कोण, जबाबदार कोण आणि किती वयाचा मुलगा वर चढू शकतो, हे प्रश्न विचारता येतात. गोटमारीत आयोजक म्हणून कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण गोव्यातीलच आहे. धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डिसेंबर १९९६ मध्ये बेकायदा ठरवल्या. त्यानंतरही त्या आडरानात आणि रिकाम्या शेतांत होत राहिल्या, आणि त्यांना कायदेशीर करण्याची मागणी अधूनमधून होत राहिली. केवळ बंदीने प्रथा नाहीशी होत नाही, ती नजरेआड जाते आणि तिच्याबरोबर रुग्णवाहिकाही दूर राहते, हा धडा पांढुर्ण्यालाही लागू पडतो.

डोके आणि डोळे झाकणारी साधने

गोटमारीत लढणारे बहुतेक लोक उघड्या डोक्याने उतरतात. मर्दानगीची कल्पना हे त्याचे एक कारण आहे. क्रिकेटमध्येही एके काळी हेच होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही फलंदाजांनी शिरस्त्राण घालायला सुरुवात केली तेव्हा त्यांची थट्टा झाली. ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप १९७८ मध्ये कसोटी सामन्यात शिरस्त्राण घालून खेळला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आज शाळेतला मुलगाही त्याशिवाय चेंडूसमोर उभा राहत नाही. २०१४ मध्ये फिलिप ह्यूज मानेला चेंडू लागून मरण पावल्यावर मानेचे संरक्षकही आले. साधन आल्याने खेळाचे शौर्य कमी झाले, असे आता कुणी म्हणत नाही.

तथापि प्रत्येक शिरस्त्राण प्रत्येक धोक्यासाठी नसते. दुचाकीचे शिरस्त्राण (भारतीय मानक आयएस ४१५१) रस्त्यावर डोके आपटण्यासाठी केलेले असते. त्यातील फेस एकदा दबला की त्याचे काम संपते, म्हणून मोठा आघात झालेले शिरस्त्राण पुन्हा वापरू नये. बांधकामावरची पिवळी टोपी (आयएस २९२५) मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते, बाजूने येणाऱ्या दगडापासून ती कानशील आणि चेहरा वाचवत नाही. क्रिकेटच्या शिरस्त्राणाची जाळी चेंडूसाठी मोजलेली असते, त्यातून लहान दगड आत जाऊ शकतो. थोडक्यात, बेसाल्टच्या गोट्यासमोर उभे राहण्यासाठी बनवलेले साधन बाजारात नाही. चेहरा पूर्ण झाकणारे दुचाकीचे शिरस्त्राण काठावरच्या प्रेक्षकाला चुकून आलेल्या दगडापासून काही प्रमाणात वाचवू शकेल, पात्रात उतरण्याचा परवाना म्हणून त्याकडे पाहू नये.

पाहायला जाणाऱ्यांसाठी

मेळ्याच्या दिवशी प्रेक्षकही जखमी होतात. सुरक्षित अंतर हाताने फेकलेल्या दगडावरून ठरवू नये, गोफणीचा दगड त्याच्या कितीतरी पुढे जातो. पूल आणि नदीलगतच्या गच्च्या टाळाव्यात. छायाचित्र घेणारा एक डोळा मिटून दुसरा यंत्राला लावतो, त्यामुळे बाजूने येणारा दगड त्याला दिसत नाही. त्याच्याजवळ पुढे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस असावा. लहान मुलांना नेऊ नये. गावकऱ्यांच्या पूजेची वेळ सकाळची असते. श्रद्धेचा भाग पाहायचा असेल तर ती वेळ सर्वांत शांत आणि सुरक्षित आहे.

कुणाला दगड लागलाच, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

डोक्याला मार लागून माणूस क्षणभर बेशुद्ध झाला आणि नंतर ठीक बोलू लागला, तरी त्याला घरी पाठवू नये. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर मधला काही काळ माणूस बरा दिसतो आणि नंतर वेगाने ढासळतो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मेंदूचे छायाचित्रण होऊ शकेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे.

डोळ्याला मार लागला असेल तर डोळा चोळू नये, दाबू नये आणि धुऊन आतले काही काढण्याचा प्रयत्न करू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्याभोवतीच्या हाडांवर टेकेल असा बसवून हलके बांधावे, डोके उंच ठेवावे आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, पण त्याखाली कवटी दबलेली वाटत असल्यास जोर देऊ नये. जखमेवर देवळातील अंगारा लावण्याची प्रथा आहे. कपाळाला लावलेला अंगारा श्रद्धेचा, उघड्या जखमेत गेलेला जंतुसंसर्गाचा, हा फरक जाणावा. धनुर्वाताची लस घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

साहसाच्या दुसऱ्या वाटा

साहसाच्या शोधात या भागात येणाऱ्याला गोटमारीशिवायही बरेच काही आहे. सौंसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या मुद्रेतील हनुमानाचे प्रसिद्ध स्थान आहे, नागपूर आणि छिंदवाडा या दोन्हीकडचे भाविक तेथे येतात. छिंदवाड्याच्या उत्तरेला तामियाजवळ पातालकोट ही चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेली खोल दरी आहे. दरीत भारिया या आदिवासी समाजाची गावे आहेत. तेथे डोंगरवाटा चालण्यासाठी स्थानिक वाटाड्या घेणे, गावांत विचारून छायाचित्रे काढणे आणि वनौषधी उपटून न आणणे, एवढे नियम पाळले तरी पुरेसे आहे. थंडीत येणाऱ्याला वाटेत संत्र्यांच्या बागा फळांनी लगडलेल्या दिसतात.

उरलेला प्रश्न

गोटमारीविषयी बाहेरून दोन प्रकारची मते येतात : ती ताबडतोब बंद करावी, किंवा परंपरा आहे म्हणून तिला हात लावू नये. जाम नदीच्या काठावरचा खरा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. पळसाचे झाड, चंडीमातेची पूजा, झेंडा तोडण्याची चुरस, संध्याकाळचा समझोता आणि देवळातील समाप्ती हा या विधीचा गाभा आहे. त्यातील एकाही घटकाला माणसाच्या डोक्यावर आदळणारा बेसाल्टचा दगड आवश्यक नाही. गोफण कायमची बाजूला ठेवणे, लढतीचा काळ दिवसावरून तासांवर आणि तासांवरून मिनिटांवर आणणे, मुलांना पात्रात न उतरू देणे, झाडाजवळ जाणाऱ्यांना ढाल देणे आणि पुढे कधी हातातली वस्तूच बदलणे, हे टप्पे अन्यत्र लोकांनी स्वीकारलेले आहेत.

वरून पाठवलेले रबरी चेंडू नाकारले गेले, कारण तो निर्णय काठावरच्या माणसांचा नव्हता. झाड आणण्याचा मान असलेले घराणे, देवळाचे विश्वस्त आणि संध्याकाळी समझोता घडवणारी दोन्हीकडची जाणती माणसे यांचा शब्द आजही लढत थांबवू शकतो. दरवर्षी अंधार पडताना तो थांबवतोच. तो शब्द सूर्य मावळण्याच्या काही तास आधी उच्चारला गेला, तर काठावरची किती घरे त्या रात्री इस्पितळाऐवजी जेवणाच्या पानावर बसतील, याचा हिशेब दोन्ही गावांनाच सर्वांत चांगला माहीत आहे.